गोटमारीत लागलं

भैय्याजींच्या हॉटेलातला मोठा कुकर उडाला, तेव्हा हॉलमधल्या गिऱ्हाइकांना सांगण्यात आलं की बाहेर रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या आणि पुन्हा ताटात हात घातला. आत भट्टीपाशी गौतम तोंड दाबून जमिनीवर बसला होता, त्याच्या मानेवरून कढत डाळ ओघळत होती आणि त्याची बायको मालती कणकेच्या हातांनीच त्याच्या अंगावरचा शर्ट फाडून काढत होती. ट्रकचं टायर म्हणे! सांगणाऱ्याची जीभ कशी झडली नाही, हेच नवल.

दिवस गोटमारीचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि या काठावरून पांढुर्णा नि त्या काठावरून सावरगाव, दोन्ही गावं दिवसभर एकमेकांवर दगड भिरकावतात. झेंडा ज्याच्या हाती त्याची जीत; तो मग चंडीमायच्या देवळात वाहतात. सरकार दरवर्षी समजूत घालतं आणि दरवर्षी नदीकाठी अँब्युलन्सही उभ्या करतं. बघायला गावोगावची माणसं लोटतात, आणि माणसं लोटली की त्यांना भूक लागते. म्हणून पांढुर्ण्याकडच्या हायवेवरच्या भैय्याजींच्या हॉटेलात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गौतम तिथला उस्ताद, म्हणजे मुख्य स्वयंपाकी. मालती तिथंच पोळ्या लाटायची. नवरा-बायको दोघंही सावरगावची, रोज सकाळी पूल ओलांडून कामाला येणारी.

आता त्या कुकरचं सांगायला हवं. मोठ्या कुकरच्या झाकणाला शिट्टीखेरीज एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत वाफ फार कोंडली की तो आधी उडतो, म्हणून माणूस वाचतो. उन्हाळ्यात तो उडाला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. म्हणजे बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. पण दर वेळी शिजलेलं अन्न वाया गेलं आणि भैय्याजींचं डोकं फिरलं. माणसावर राग काढतात तसा त्यांनी त्या व्हॉल्व्हवर काढला. झाकण वेल्डिंगवाल्याकडे पाठवलं आणि त्या भोकात जाडजूड बोल्ट आवळून आणला.

"भैय्याजी, व्हॉल्व्ह नागपूरले मिळते," गौतमनं तेव्हाच सांगितलं होतं. "माह्या सुट्टीच्या दिवशी म्या जाऊन घेऊन येतो. असा बंद करून नाही जमत."

"अबे, बोल्ट आहे ना? त्या रबरापेक्षा बोल्ट मजबूत राहते. तू सैपाकाकडं ध्यान दे."

पुढंही गौतमनं किती वेळा तोंड उघडलं, आणि किती वेळा त्याला गप्प केलं, ते मालतीनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. शेवटी शेवटी तर भैय्याजी त्याला येताना पाहिलं की आपणच हसून म्हणायचे, "काय उस्ताद, बोल्ट पाहून भेव वाटून राहिलं काय?" आणि गल्ल्यावर बसलेला त्यांचा मुलगा हर्षल खदाखदा हसायचा.

त्या दिवशी सकाळपासून दोघांनाही पाठ टेकायला उसंत नव्हती. कुकरमध्ये डाळ होती. खालची शेगडी फुरफुरत होती आणि कुकर मात्र मुका बसला होता. शिट्टीच्या नळीत डाळ अडकली असणार. "हा बोलून काहून नाही राहिला?" असं म्हणत गौतम गॅस कमी करायला वाकला. वाकला म्हणून झाकण छातीवर बसण्याऐवजी तोंडावर बसलं. मालतीला आवाज नंतर ऐकू आला, आधी तिला छतावरून टपकणारी डाळच दिसली.

भैय्याजी धावत आले. खरंच धावत आले, नाही म्हणता येणार नाही. पण आल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न केला तो हा, "हॉलमंधी आवाज गेला काय?" दुसरं वाक्य किचनमधल्या दीपालीला, "दीपाली, दुसऱ्या गंजात डाळ चढव, ऑर्डर थांबला नाही पाहिजे." आणि तिसऱ्या खेपेला त्यांना गौतम दिसला.

"भैय्याजी, मोठ्या दवाखान्यात न्या यायले. डोळ्यातून रक्त येऊन राहिलं," मालती ओरडली.

भैय्याजींनी खाली पाहिलं, वर पाहिलं. मोठा दवाखाना म्हणजे पोलिसांना कळवणं आलं, पोलीस म्हणजे कुकर दाखवणं आलं आणि कुकर म्हणजे तो बोल्ट. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मालती बघत होती. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. माणसाला हरवलेली किल्ली सापडावी तसं झालं.

"हर्षल, गाडी काढ. नदीवरच्या डॉक्टरायच्या कँपात ने याले. आणि सांग, गोटमारीत लागलं."

केवढं सोपं! त्या दिवशी पांढुर्ण्यात फुटलेल्या डोक्याला कोणी काही विचारत नाही. दगड कोणी मारला, हे कोणी सांगत नाही, तक्रार नाही, साक्ष नाही, खटला नाही. जखमा बांधल्या जातात आणि माणसं घरी जातात. गावाची रीत आहे ती. भैय्याजींनी आपल्या कुकरचं पाप नेऊन त्या रितीच्या पदरात टाकलं, आणि वर इतक्या साळसूदपणे, की जणू गौतमवर उपकारच केले.

मालतीही गाडीत चढली. कँपात रक्ताळलेल्या माणसांची रांग लागली होती. कुणाचं कपाळ, कुणाचं नाक. डॉक्टर बिचारे उभ्या उभ्या टाके घालत होते. गौतमच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून त्यांनी विचारलं, "हे पिवळं काय?"

"हळद लावली जी घरच्यायनं," हर्षल म्हणाला.

डाळ होती ती. तुरीची, फोडणी न दिलेली डाळ. गौतमच्या भुवईच्या चिरेत घुसून बसली होती.

"आणि हे भाजलेलं?"

"दगड लागल्यावर चहाच्या टपरीवर पडला. उकळता चहा सांडला अंगावर."

डॉक्टरांनी एकवार हर्षलकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. मग गौतमला विचारलं, "नदीत होतास का रे?"

हर्षलचा हात गौतमच्या खांद्यावर होता आणि त्या हाताची बोटं आवळलेली मालतीला स्पष्ट दिसत होती. गौतमनं होय अशी मान हलवली. ती बोलायला गेली, तर त्यानं तिचं मनगट धरलं. तिचीही नोकरी त्याच हॉटेलात होती, हेच त्याला त्या क्षणी आठवलं असावं. तोंडाची कातडी सोललेली, एका डोळ्यानं दिसत नाही, आणि हा माणूस बायकोच्या नोकरीची काळजी करतो! मालतीला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

डोळा वाचवायचा असेल तर आजच नागपूरला न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भैय्याजी म्हणाले, आज गर्दीत गाडी कशी काढायची, उद्या पाहू. उद्या गाडी भैय्याजींचे पाहुणे पोचवायला गेली. परवा मालतीनं वाट न बघता नवऱ्याला बसमध्ये बसवलं. सौंसरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिचा भाऊ खिडकीतून डबा देऊन गेला. सौंसर तिचं माहेर. एरवी ते स्टँड दिसलं की तिचा जीव हलका व्हायचा, त्या दिवशी तिला भावाचं तोंडही धड दिसलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि लगेच विझवली. उशीर झाला, म्हणाले. डावा डोळा गेला.

भैय्याजी सफरचंदं घेऊन घरी भेटायला आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला, कपाळाला हात लावून "नशिबाचा खेळ" म्हणाले. मग खुर्ची पुढं ओढली.

"दिवाळीले सौंसरात नवीन हॉटेल उघडून राहिलो. तिथला उस्ताद गौतमच. एका डोळ्याच्या माणसाले दुसरं कोणी ठेवणार नाही, पण म्या ठेवीन. मालतीचं माहेरबी तिथंच. फक्त ते गोटमारीचं तेवढं कायम ठेवजो. काय?"

गौतम "हाव" म्हणाला. मालती चहाचे कप उचलून आत गेली आणि तिथं ते इतक्या जोरात आदळले की एकाचा कान तुटला. पण ज्याचा डोळा गेला त्यानं हो म्हटलं होतं. सौंसरचं हॉटेल हाच आता त्याच्यापुढचा एक उजेड होता, तो आपल्या हातानं कसा विझवायचा?

पण खोट्याचं असं असतं की ते एकदा सोडलं म्हणजे कुठं कुठं जाऊन तोंड घालेल, याचा नेम नाही. हर्षलनं कँपात "आमच्या हॉटेलातला माणूस" म्हणून सांगितलं होतं, म्हणजे लोकांनी धरलं की पांढुर्ण्याच्या बाजूनं खेळला. सावरगावचा माणूस पांढुर्ण्याच्या काठावरून सावरगाववर दगड मारतो, ही काय साधी गोष्ट आहे? गावात गौतमकडे पाहून लोक थुंकायचे राहिले एवढंच. पानाच्या ठेल्यावर एकानं तोंडावरच विचारलं, "काय गा, आपल्याच गावावर गोटे फेकाले गेलता म्हणे? चंडीमायनं बरोबर डोळा घेतला."

गौतमचे वडील मोतीराम हे ऐकून आले त्या संध्याकाळी जेवले नाहीत. म्हातारा सगळं खरं जाणून होता. त्यांच्या घरातून कोणी कधी गोटमारीत गेलं नव्हतं. मोतीरामनंच ते तरणेपणी ठरवलेलं होतं. पोरं हट्ट करायची तेव्हा ते म्हणायचे, "आपल्या आज्या-पणज्यानं लोकायचे गोटे खाल्ले ते कमी झाले काय? आपल्या घरातून गोटा उचलाचा नाही." आणि आता त्यांच्याच पोराच्या तोंडावर, कधी न उचललेल्या दगडाचं नाव लागलं होतं.

"बाबा, सौंसरले गेलो की सुटलो आपण यातून," गौतम म्हणाला.

"डोळा गेला, ठीक आहे," मोतीराम म्हणाले. "डोळ्यापायी घरची रीतबी द्याची काय, ते तू पाय."

मालतीनं पुन्हा कामावर जायला सुरुवात केली होती. तिकडे हॉटेलात कुजबुज वाढत होती. कुकर उडाल्याचं ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडाला काही कुलूप नव्हतं आणि भैय्याजींना तर येत्या नगरपालिकेत उभं राहायचं होतं. त्यावर त्यांनी तोडगा काढला तो असा, की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. दरवर्षी ते पांढुर्ण्याच्या जखमी गोटमार खेळाडूंचा आपल्या हॉलमध्ये सत्कार करत, शाल, श्रीफळ आणि जेवण. या वर्षी त्या यादीत त्यांनी गौतमला बसवलं. एकदा भर सभेत गळ्यात हार पडला की कुकरचं नाव काढायची कोणाची टाप आहे?

सत्काराच्या दिवशी मालती किचनमध्ये शिरली आणि दारातच थबकली. भट्टीवर तोच कुकर होता. उडालेलं झाकण हातोड्यानं ठोकून सरळ केलेलं, कडेला घावांचे वण तसेच, आणि मधोमध नवा कोरा बोल्ट चकचकत होता. त्याच्यापुढं दीपाली उभी होती. कांदे चिरायचं तिचं काम, दोन लेकरांची आई, उभ्या आयुष्यात तिनं असला कुकर हाताळलेला नव्हता.

"तू काहून इथं? नवीन उस्ताद कुठं गेला?"

"कुकर पायला आणि पळाला, वहिनी. भैय्याजी म्हणे, तू उभी राह्य, शिट्टी झाली की गॅस कमी कर, बाकी काही नाही." दीपाली भट्टीपासून जितकं लांब राहून हात पुरेल तितकी लांब उभी होती. "वहिनी, गौतमदादा असाच वाकला होता ना?"

 इतके दिवस मालती मनाशी घोकत होती, झालं ते झालं, आता निदान सौंसर तरी. पण झालं ते झालं कुठं होतं? ते तर पुन्हा भट्टीवर चढवलं होतं. आपण मूग गिळून बसलो त्या गप्पपणावरच हा कुकर पुन्हा चढला, हे तिला लख्ख दिसलं.

हॉल भरला होता. पुढं मंच, त्यावर भैय्याजी पांढऱ्या झब्ब्यात. खुर्च्यांवर खेळाडू, कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात. शेवटच्या खुर्चीत गौतम, डोळ्यावर पांढरी पट्टी, गालावर गुलाबी सोललेली कातडी आणि खांद्यावर शाल. मागच्या रांगेत मोतीराम बसले होते. मुलाच्या सत्काराचं निमंत्रण त्यांनाही होतं, आणि ते आले होते.

या सत्काराची एक रीत होती. हार घातला की प्रत्येकानं माईक हातात घेऊन आपल्या जखमेची गोष्ट सांगायची. कुठं उभा होतो, गोटा कुठून आला, लागल्यावर काय केलं. लोक टाळ्या पिटतात, हसतात, मधेच कोणी दुरुस्ती करतं, कारण नदीत कोण कुठं होतं हे दोन्ही काठांना पाठ असतं. भैय्याजींनी आयुष्यभर हा सत्कार केला, पण नदीत ते कधी उतरले नव्हते. त्यांना ती आपली करमणूक वाटायची. म्हणून गौतमला माईक मिळेल तेव्हा काय होईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

केशवराव सगळ्यांत जुने खेळाडू. कपाळावर वणांची गर्दी. ते रंगात येऊन बोलले, हॉल दणाणला. मग बाकीचे बोलले. मग हर्षलनं माईक गौतमच्या हातात दिला.

"मी... नदीत..." गौतम म्हणाला आणि थांबला.

केशवरावांना वाटलं, पोरगा बुजला. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "सांग ना गा. झेंड्याच्या वरच्या अंगाले होता का खालच्या? पाणी कुठवर होतं तुले?"

गौतमला काय ठाऊक? गोटमारीच्या दिवशी तो नदीच्या वाळूवर कधी उभाच राहिला नव्हता. त्याची मान खाली गेली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली आणि भैय्याजी हसून म्हणाले, "लाजून राहिला, लाजून राहिला. टाळ्या होऊ द्या!"

हे सगळं मालती किचनच्या दारातून बघत होती. टाळ्या सुरू झाल्या आणि ती माघारी वळली.

"भट्ट्या सोडा," ती आतल्या सगळ्यांना म्हणाली. "बाहेर या. दीपाली, बाजूले हो तिथून."

मग ती मागच्या दारानं बाहेर गेली. भिंतीला लागून सिलिंडर उभे होते. तिनं एकेक चावी पिळून बंद केली, आणि पिळताना तिचे दात करकरत होते. आत कुकर अजून फुसफुसत होता, पण त्याच्या पोटाखालचा जाळ विझला होता. ही गोष्ट तिला आणि किचनमधल्या चार माणसांना ठाऊक होती, हॉलमध्ये कोणालाच नाही. सगळ्यांना पुढं घालून ती हॉलमध्ये आली.

"केशवराव काका," ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही सारे नदीत होते. यायले तिथं कोणी पायलं काय? या काठावर, त्या काठावर, कुठंबी? एकानं तरी हात वर करा."

टाळ्या थांबल्या. केशवरावांनी शेजारच्याकडे पाहिलं, त्यानं त्याच्या शेजारच्याकडे. एकही हात वर झाला नाही.

"म्या तं नाही पायलं," केशवराव हळू म्हणाले. मग त्यांनी गौतमची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि त्या सोललेल्या कातडीकडे नीट बघितलं. "गोट्यानं कातडी अशी जाते काय बाप्पा? हे तं भाजलेलं आहे."

"मालती, तू आत जा," भैय्याजी म्हणाले. आवाज गोडच होता. "मंडळी, बाई दुःखात आहे. नवऱ्याचा डोळा गेला, मन थाऱ्यावर राहत नाही. अहो, कँपात डॉक्टरासमोर गौतमनंच कबूल केलं का नदीत होतो म्हणून. विचारा त्याले. इथं बसला आहे तो."

आता सगळा हॉल गौतमकडे बघायला लागला. मालतीही बघत होती. सौंसर त्याच्या एका शब्दावर होतं, तिची नोकरी त्याच्या एका शब्दावर होती, आणि भैय्याजींच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की तिला ओरडावंसं वाटलं. पण ती ओरडली नाही. हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

गौतमनं माईक तोंडाजवळ नेला. "म्या नदीत नव्हतो," तो म्हणाला. "म्या कधीच नदीत गेलो नाही. म्या आत भट्टीपाशी होतो. कुकरचं झाकण लागलं मले. सहा वेळा सांगतलं होतं भैय्याजीले, का त्याच्यातला बोल्ट काढा म्हणून."

मागच्या रांगेत मोतीराम उठून उभे राहिले. 

भैय्याजींनी गौतमच्या हातातून माईक ओढून घेतला. मुरलेला माणूस, इतक्यात हार कसा मानेल? "असं आहे मंडळी, कोणीतरी याचे कान भरले. इलेक्शन आहे, तुम्ही समजता. काय झालं त्या कुकरले? तोच कुकर आजबी भट्टीवर आहे. तुमच्या सगळ्यायसाठी त्याच्यातच भात लावला आहे. धोका असता तं म्या ठेवला असता काय? माणसायच्या जिवाशी खेळणारा मी आहे काय?"

आतून कुकरनं एक लांब, चिरका सुस्कारा सोडला. ठोकून बसवलेल्या झाकणाच्या कडेनं वाफ निघत असावी. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली.

"दीपाली, जा, गॅस कमी कर," भैय्याजी म्हणाले.

दीपाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भैय्याजींनी दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला दरडावलं. किचनमधलं एकही माणूस जागचं हललं नाही. आतला चिरका आवाज थांबेना. हॉलमध्ये हसू फुटलं आणि ते ऐकून हर्षलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"राहू द्या, मीच पाहतो," असं म्हणून तो तावातावानं किचनकडे निघाला.

भैय्याजींनी मंचावरून उडी मारली. त्या वयाच्या, त्या पोटाच्या माणसाला अशी उडी मारता येते, हे कोणाला खरं वाटलं नसतं. खुर्ची पडली, हार तुटला. दारात त्यांनी हर्षलचा दंड दोन्ही हातांनी धरला, आणि माईक अजून त्यांच्या मुठीत चालू होता.

"तू नोको जाऊ रे! तू नोको! अंगावर उडते ते!"

हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. बाहेर रस्त्यावर पान खाणाऱ्यांनीही ऐकलं. भैय्याजींच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्यांनी माईककडे असं पाहिलं, की जणू तो दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. बोट बटणावर गेलं, पण आता बंद करून काय उपयोग होता?

"गॅस म्या कवाचाच बंद केला, भैय्याजी," मालती म्हणाली.  "तो आता थंड होऊन राहिला. भेऊ नका. तुमच्या पोराले काही होत नाही."

केशवरावांनी खांद्यावरची शाल काढली आणि खुर्चीवर ठेवली. त्यांच्या मागोमाग दुसऱ्यानं ठेवली.  मोतीराम रांगेतून वाट काढत पुढं आले, गौतमपाशी थांबले, त्याच्या खांद्यावरची शाल त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली आणि तिची नीट घडी घातली. मग ती घडी घेऊन ते किचनच्या दारापर्यंत चालत गेले. भैय्याजींनी अजून हर्षलचा दंड सोडला नव्हता.

"गौतमचाबी बाप जिता होता, भैय्याजी," म्हातारा म्हणाला, आणि शाल त्यांच्या हातावर ठेवून बाहेर निघाला.